मोहर्लीच्या नावानं मोर्चा

मोहफुलं वेचायला गेलेल्या सासूबाईंना वाघिणीनं नेलं, त्याला महिना झाला. परदेशी शिकणाऱ्या धाकट्या दिराला, प्रणितला, मातीलाही येता आलं नाही. आज त्यानं तिथल्या भर रस्त्यातून व्हिडिओ कॉल लावला.

"वयनी, इथी मोर्चा निंगाला, आपल्या मोहर्लीचं नाव घेऊन. मी तिथलाच म्हटलं, तं एक बाई मले पोटाशी धरून रडली. मी बी रडलो. अन् मंग..."

मी मांडीवरच्या लेकीला म्हटलं, "पाय वं माय, तुह्या आजीसाठी लोकं कुठी कुठी रडून राह्यले!"

प्रणितनं फोन मोर्चाकडे वळवला.



फलकाफलकावर पिंजऱ्यात पकडलेल्या त्याच वाघिणीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'ती आई आहे. तिला सोडा.'