परातीएवढी चकती

"मोठी लावू की लहान?" दत्तारामने विचारलं.

दोन्ही चकत्या नाहूरच्या त्या बैठ्या घराच्या मागच्या ओट्यावर पडल्या होत्या. एक पुरीएवढी, एक परातीएवढी. यंत्र लढाईतलं, सुरुंग शोधायचं. कुर्ल्याच्या भंगारवाल्याने दिलं, पण म्हणाला, एकच चकती ठेव, दुसरी संध्याकाळी परत आण. नव्या इमारतींच्या जागेत पुरलेले पाइप शोधून द्यायचे, हा दत्तारामचा नवा धंदा.

पण आधी नथ.

काल त्याच्या बायकोने, मालनने, गौरीची नथ रिठ्याच्या पाण्यात भिजत घातली आणि विसरून ते पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं. रिकामी वाटी घासताना तिला आठवलं. उद्या गौरी यायच्या. नथ घालण्याआधी दत्तारामची आजी ती बोटांनी चाचपून बघायची. डोळे गेले होते, बोटं शाबूत होती. कालपासून मालनच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"ह्या घरात नथ हरवणारी तू पयलीच," सासू रुक्मिणी म्हणाली. "पाच वाट्या उरल्या माझ्या लग्नातल्या, त्यातलीच घेतलंस. सहावी त्या कल्हईवाल्यान लांबवल्यान. उद्या आणखी कोण लांबवतला."

"आई, बस ना आता. मोठी लावतो, ती खोल जाते."

"नको. नथ शोधूची हा, विहीर खणूची नाय. लहान लाव. मोठी परत देऊन टाक."

"यंत्रातलं तुला काय कळतं गं?"

"लहान म्हटलंय ना?"

दत्ताराम चिडून लहान बसवायला लागला. तशी ती बरोबरच होती. मोठीला खोलवरची मोठी वस्तू कळायची, पण नथीएवढं काही तिच्या गावीही नसायचं.

केळीभोवती दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला कानात घूं वाजलं. मालनने नखांनी माती उकरली आणि मोत्यांची नथ हातात घेऊन तिथेच चिखलात बसली. रडली, हसली. रुक्मिणीने पदराने तिचं नाक पुसलं.

"ऊठ. भात वाढतंय. आधी जेव."

आतून आजीचा आवाज आला, "गावली काय गो?"

"गावली, सासूबाय!" रुक्मिणीने ओरडून सांगितलं.

दत्ताराम एकदम खुशीत. "मोठी परत करायच्या आधी चालते का बघतो."

"रे, राहूंदे," रुक्मिणी म्हणाली. पण त्याने चकती बदललीसुद्धा. आणि त्याच केळीच्या बुंध्याशी यंत्र असं कोकललं की त्याने कानावरचे हेडफोन काढून फेकले.

"पाइप! मोठी खोल जाते, बोललो नव्हतो?"

कोपरभर खणल्यावर पाइप निघाला नाही. काळी पडलेली पितळी वाटी निघाली, मातीने गच्च भरलेली. मालनने ती धुतली. काल घासलेल्या वाटीच्या शेजारी ठेवली. तोच घाट, काठावर तीच वेल.

तळाची माती सुटली आणि तिच्या तळव्यावर नथ पडली. मघाशी सापडलेल्या नथीसारखीच, मोत्याला मोती.

मालनने सासूकडे पाहिलं. रुक्मिणी घराच्या दाराकडे बघत होती.

"हळू बोल गो," ती म्हणाली. "म्हातारेक अजून म्हायत नाय."