चार अंश

“बर्फ कसा घालायचा ते आम्हाला नीट शिकवा, ताई,” बोटवाली मावशी म्हणाली आणि तिने पिशवीतून वही-पेन काढून टेबलावर ठेवलं.

प्रयोगशाळेतली संशोधन सहायक कसनुसं हसली. जिचा उभा जन्म मासळीत गेला, तिला ही बर्फ घालायला शिकवणार! पण अहवाल हिनेच दिला होता. मावशीच्या बोटीवरच्या बांगडा मासळीत हिस्टॅमिन नावाचं विष मर्यादेबाहेर निघालं होतं. मासे गार राहिले नाहीत की ते वाढतं, मग शिजवूनही जात नाही. सगळी मासळी चुना टाकून पुरावी लागली. धक्क्यावर बोटीची छी-थू झाली ती वेगळीच.

“खाली बर्फ, मग मासे, वर परत बर्फ,” ती सांगू लागली. मावशी मुकाट्याने लिहून घेत होती.

“आमचे हे चाळीस वर्षं अस्संच घालतात,” मावशी मध्येच म्हणाली. “आता म्हणतात, माझ्या हाताला गारठाच कळेनासा झालाय. माझ्यापायी कुणी मेलं असतं. अहवाल आल्यापासून बोटीवर पाय ठेवला नाही बघा. बाहेर बाकावर बसलेत. आत यायची लाज वाटते त्यांना.”

सहायकेने दारातून बाकाकडे पाहिलं.

त्या दिवशी नमुना घेऊन येताना ती वाटेत बहिणीकडे टेकली होती. दहा मिनिटं म्हणता म्हणता गप्पांत तीन तास गेले. नमुन्याचा डबा उन्हात, बंद गाडीत. प्रयोगशाळेत आल्या आल्या डब्यात थर्मामीटर घालून तापमान नोंदवायचं, हा पहिला नियम. झाकण काढलं तर बोटांना कोमट पाणी लागलं. तिने थर्मामीटर घातलाच नाही. रोजच्यासारखं ‘चार अंश’ लिहून मोकळी झाली. निकाल आला तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण तिची नेमणूक वाढवायची की नाही हे त्याच महिन्यात ठरणार होतं. ती मूग गिळून बसली.

आता तिला मान वर करवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“वही मिटा, मावशी,” ती म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

तिला पाहताच म्हातारा धडपडत उभा राहिला. दोन्ही हात त्याने पाठीमागे लपवले. तिने एका दमात सगळं ओकून टाकलं. बहीण, गाडी, कोमट पाणी, खोटा आकडा. साहेबांना आत्ता सांगते, अहवाल मागे घ्यायला लावते, नोकरी गेली तर जाऊ दे, म्हणाली. मग शिव्या खायच्या तयारीने उभी राहिली. दोन मुस्कटात बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“म्हणजे आमच्याकडून निघाले तेव्हा मासे गार होते?”

“गार होते, काका. मी हातात घेतले होते.”

म्हातारा ओरडला नाही. त्याने तिच्याकडे धड पाहिलंही नाही. दारात येऊन थांबलेल्या बायकोला तो घाईघाईने म्हणाला, “अगं, चल चल. पहाटे बोट घेऊन निघायचंय मला.”