रिठ्याचं पाणी

“अहो, बघा तरी,” म्हणत बायकोने ट्रे माझ्यापुढे सरकवला.

बायपास होऊन मी कालच घरी आलो होतो. ट्रेमधली माझी सोन्याची अकरा जुनी अमेरिकन नाणी लखलखत होती. हिने ती रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासली होती. दीडशे वर्षांची तांबूस झाक गेली. घासलेल्या नाण्याला कुणी संग्राहक हात लावत नाही, हे मी हिला कधी सांगितलंच नव्हतं.

“तुम्ही आयसीयूत, मला आत सोडेनात. मग तुमचं म्हणून काहीतरी करत बसले,” ही म्हणाली. हिच्या बोटांची सालपटं निघाली होती.

बारावं, सगळ्यांत दुर्मीळ नाणं मी चष्म्याच्या डबीत घालून दवाखान्यात सोबत नेलं होतं. ते काढून हिच्या तळहातावर ठेवलं.

“हे घासायचं राहिलं बघ,” मी म्हणालो.