गावकीचा डाव

"काढा चिठ्ठी, सरपंच," त्रिंबकनं टोपी पुढं केली. "जे निघंल ते सोंग शनवारपर्यंत सोडायचं न्हाई."

रामकिसननं आपल्या ओसरीवर बसून चिठ्ठी उघडली आणि मांडीवर थाप मारली. "सरपंच! घ्या, चिठ्ठीला बी कळतंय गावात कोण हाय ते."

त्रिंबक हसला. टोपीतल्या तिन्ही चिठ्ठ्यांवर त्यानं सरपंचच लिहिलं होतं. उरलेल्या दोन त्यानं आणि आबारावनं न उघडताच खिशात टाकल्या. त्रिंबक विरोधी पुढारी झाला, आबाराव जनता.

त्रिंबक जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कारकून होता. कंपनीच्या शिबिरात एकदा विक्रेत्यांना शेतकऱ्याचं सोंग घ्यायला लावलं होतं. तेव्हापासून त्याला हे वेड लागलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं गावाचा नकाशा काढला, बाभळीचे फासे कोरले, लोकांचा विश्वास म्हणून तुरीचे दाणे घेतले आणि खेळाला नाव दिलं 'गावकी'. रोज एक प्रश्न, त्यावर भाषणं, मग फासा. हरणाऱ्याचे दाणे जायचे.

या वेळी तो आठवड्याची रजा काढून गावी आला होता, आणि ती खेळण्यासाठी नव्हती.

गावाच्या टोकाला त्याची धनगरवस्ती होती. वस्तीच्या नळाचे पाइप दोन वर्षांपासून रामकिसनच्या गोठ्यामागं पडून होते. ग्रामपंचायतीची एक सही झाली असती तर पाणी आलं असतं. त्रिंबकनं सात अर्ज दिले. अर्ज दिला की रामकिसन तो घरात घेऊन जायचा. त्याच्या माणसांचे कागद सही-शिक्क्यानिशी बाहेर यायचे. वस्तीचे आतच राहायचे.

गेल्या महिन्यात त्रिंबकची आई साखराबाई रामकिसनच्या विहिरीवर गेली, तर त्यानं तिचा भरलेला हंडा लाथेनं उलथवला. "आधी माझी जनावरं पितील, मंग तुम्ही," असं म्हणाला. हंड्याला पोचा पडला होता. त्रिंबकनं तो ठोकून काढला नाही. तो पोचा बघितला की त्याचं डोकं फिरायचं, आणि ते त्याला फिरतंच ठेवायचं होतं.

सोमवारी, मंगळवारी रामकिसन जिंकला. त्रिंबकनं त्याला जिंकू दिलं.

"सत्ता खुर्चीत नसती," त्रिंबकनं विरोधी पुढाऱ्याचं भाषण ठोकलं. "ती लोकांच्या विश्वासात असती. लोकांनी दाणा काढून घेतला की राजा बी भिकारी."

"पुस्तकं वाचून वाचून येडा झाला तू," रामकिसन म्हणाला. "ज्याच्या ओसरीखाली लोक चपला काढतेत, त्याची सत्ता. कागद काय, कोणाच्या बी नावानं निघतेत."

आबाराव वस्तीवरचा, मेंढरांमागं हिंडणारा माणूस. त्याला भाषणातलं काही कळलं नाही, पण दात-ओठ खायला तो चुकला नाही.

बुधवारी चहा घेऊन रामकिसनची बायको द्वारकाबाई बाहेर आली. कपबशा ठेवून ती नकाशाकडं बघत उभी राहिली. तिच्या अंगठ्याला जांभळी शाई लागली होती. ती पदरानं पुसत ती म्हणाली, "मला बी एक चिठ्ठी द्या की."

"तू दूध उतू चाललंय का बघ," रामकिसन खेकसला.

"काकू, राजकारणाचा खेळ हाय," त्रिंबक म्हणाला. "भातुकली न्हाई."

"म्या वस्तीला नळ दिला असता," द्वारकाबाई म्हणाली, आणि आत गेली.

ती काय म्हणाली इकडं त्रिंबकचं लक्षच नव्हतं. त्यानं तेवढ्यात फासा बदलला होता. या दुसऱ्या फाशाच्या पोटात शिसं भरलेलं होतं, त्याला हवं तेच दान पडावं म्हणून.

गुरुवारपासून रामकिसनचे दाणे जायला लागले. तो चिडला, नकाशावर थुंकला, आबारावला आईवरून शिवी दिली. आबाराव उठून उभा राहिला, तेव्हा त्रिंबकनं त्याचं धोतर धरून त्याला खाली बसवलं. शनिवारी दिवस मावळायला रामकिसनपुढं एकही दाणा नव्हता.

"नियम हाय," त्रिंबक म्हणाला. "हारला त्यानं आपल्या हातानं राजीनामा लिहायचा. सोंग खरं वाटाय पाह्यजे."

त्यानं कोरा कागद पुढं केला. आता रामकिसन तो फाडील, अंगावर येईल, अशी त्याची खात्री होती.

रामकिसननं पेन घेतलं. सवय नसल्यासारखं मुठीत धरलं. त्रिंबक सांगत गेला आणि तो एकेक अक्षर लिहीत गेला. खाली नाव, गाव, तारीख, सही.

"घे," तो म्हणाला. "आणखी दोन लिहून देऊ का? एक तुझ्या मायला वाचून दाखव." आणि ठसका लागेपर्यंत हसला.

दारात द्वारकाबाई उभी होती. ती हसली नाही.

हसून घे, त्रिंबक मनात म्हणाला. त्याला ना लाज वाटली, ना दया आली. लबाडाला लबाडीनंच मारावं लागतं. घरी जाऊन त्यानं पोचा पडलेला हंडा आईपुढं ठेवला आणि म्हणाला, "आता दारात नळ येतो बघ, माय."

सोमवारी सकाळच्या जीपनं तो घनसावंगीला गेला. पंचायत समितीच्या कचेरीत त्यानं कागद टेबलावर ठेवला.

"आमच्या सरपंचाचा राजीनामा. त्यांच्याच हातचा हाय. दोन वर्षं वस्तीच्या नळावर सही अडवून बसल्ते."

कारकुनानं कागद वाचला, पुन्हा वाचला, मग चष्म्यावरून त्रिंबककडं बघितलं. कपाटातून सरपंचांची यादी काढली आणि महिला राखीव असं लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुमच्या सरपंच द्वारकाबाई हैत," तो म्हणाला. "सहीसाठी बाईंना कधी इचारलंच न्हाई का तुम्ही?"