पाटीवरचा पत्ता

पहिलीच्या बाई रोज दुपारी पालकांच्या ग्रुपवर वर्गाचे फोटो टाकत. एका मुलीच्या आईनं प्रवेश घेतानाच हात जोडले होते, "हिचा चेहरा कुठंही दिसू देऊ नका." फोटोत बाई तिच्या तोंडावर न चुकता पिवळा हसरा गोळा चिकटवत. आज धडा होता, 'माझा पत्ता'. मुलीनं पाटीवर टपोऱ्या अक्षरात घरनंबरासकट पत्ता लिहिला. बाईंना आकाश ठेंगणं झालं. चेहरा झाकून त्यांनी पाटीसह फोटो टाकला. लगेच उत्तर आलं, भाचीचं कौतुक बघायचंय म्हणून मागच्याच आठवड्यात ग्रुपमध्ये आलेल्या मामाचं: "अक्षर आईच्या वळणावर गेलंय. निघालोच." शाळा सुटल्यावर बाईंनी फाटकाशी आईला हसत सांगितलं, "मामा येतायत घरी!" आईनं मुलीचा दंड आवळला. "बाई, मला भाऊच नाही." पाटी छातीशी धरून मुलगी खणखणीत आवाजात पत्ता म्हणून दाखवत होती.