उजव्या पायाचा मोजा

"पाय द्या इकडे," ती म्हणाली आणि बुटकं स्टूल ओढून नवऱ्यासमोर बसली. नवऱ्याने चहाचा कप खाली न ठेवताच उजवा पाय पुढे केला. शाळेची बस चालवणारा माणूस, अंगावर गणवेश चढलेला, निघायला थोडाच वेळ उरलेला. पण बायकोच्या विणकामापुढे त्याचं कधी काही चालायचं नाही.

मोजा टाचेपर्यंत आला होता. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचा सांधा आखडला तेव्हापासून तिने जुन्या लांब सुया माळ्यावर टाकल्या होत्या आणि फिजिओथेरपीवाल्या बाईंकडून गोल सुईची रीत उचलली होती. दोन टोकांना दोन आखूड पोलादी सुया, मध्ये लांब मऊ तार. विणकामाचा भार मांडीवर, कोपरं अंगाशी, लोकर डाव्या तर्जनीवर, आणि हलायचं ते फक्त सुईच्या टोकाने. सुरुवातीला हात परक्याचे वाटले, मग बसला हात. या रीतीची खरी गंमत म्हणजे मोजा बोटांकडून विणत वर यायचा. टाके तारेवर सरकवले की दोन्ही सुया बाहेर लोंबत राहायच्या आणि अर्धामुर्धा मोजा पायात घालून बघता यायचा. उसवायची पाळी येणार असेल तर आधीच कळायचं.

"हलू नका. टाके निसटतील."

"मी कशाला हलतोय," तो म्हणाला आणि बाटलीवालीची गोष्ट सांगू लागला. बाटलीवाली म्हणजे त्याच्या बसमधली एक चिमुरडी. रोज पाण्याची बाटली सीटवर विसरायची आणि रोज ती न्यायला रडत परत यायची. काल म्हणे तिने बाटली आठवणीने गळ्यात अडकवली आणि दप्तरच विसरली.

तिला हसू आलं. हसता हसताच तिने मोजा चवड्यावरून वर ओढला. कुठेतरी अडकल्यासारखं झालं, म्हणून आणखी जोर लावला. पांढऱ्या लोकरीवर एक लाल ठिपका उमटला आणि बघता बघता पसरू लागला.

एक सुई आतच राहिली होती. तिचं टोक तळपायात रुतलं होतं.

आता हा ओरडणार, गरम चहा आपल्या डोक्यावर सांडणार, म्हणून तिने मान आत घेतली. पण वर बाटलीवालीचं दप्तर अजून सापडायचं होतं. तो मजेत सांगत होता, मध्येच चहाचा घोट घेत होता.

तिने सुई हळूच बाहेर काढली, मोजा उतरवला, पदराने रक्त पुसलं. तो सांगतच होता. मग आपण हे काय करतोय असं वाटत असतानाही तिने तेच टोक त्याच्या करंगळीला लावलं आणि दाबलं. आणखी दाबलं. कातडीत खळगा पडला.

"...तर तिची आई उलट मलाच म्हणते, काका, तुम्ही बस फार लवकर सोडता," तो म्हणाला आणि खो खो हसला.

"अहो," ती म्हणाली, "जरा डोळे मिटा."

"आता हे काय नवीन?"

"मिटा हो. आणि मी कुठल्या बोटाला हात लावलाय ते सांगा."

त्याचं हसू मावळलं. तरी त्याने डोळे मिटले. बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "अंगठ्याला."

तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

हल्ली हा माणूस एक चप्पल वाटेत गळून पडली तरी तसाच चालत घरात यायचा, आणि ती त्याला धांदरट म्हणून हसायची. शेजारणीला नक्कल करून दाखवली होती तिने. आता तिला स्वतःच्या त्या हसण्याची भीती वाटली.

"कधीपासून?"

"आधी नुसत्या मुंग्या यायच्या. शुगरचं असतं ते. जाईल."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी बसची किल्ली काढून घेतली असती." त्याने कप खाली ठेवला. "मग घरात बसून काय करू? तुझी लोकर गुंडाळू?"

ती समोरच्या पायाकडे बघत राहिली. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण उजव्या पायाखाली काय काय असतं हे तिलाही ठाऊक होतं.

"मग ब्रेक," तिने कसंबसं विचारलं, "तो दाबला गेलाय हे तुम्हाला कळतं कसं?"

"कळतं की." त्याचा आवाज अगदी साधा होता, तिलाच धीर देणारा. "आरशात बघायचं. मुलं पुढे झुकली की समजायचं, लागला."

मग घड्याळाकडे बघून तो उठायला गेला, आणि पुन्हा खुर्चीत आपटला. काय झालं ते त्याला उमजेना. वाकून खाली पाहिलं, तेव्हा कुठे त्याला दिसलं, की बायकोने त्याचा पाय दोन्ही हातांनी छातीशी गच्च धरून ठेवला आहे.