तिसऱ्या बाकाची दातखीळ

तपासणीला आलेल्या साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली तसा सरांनी वर्ग सोडला. फक्त तिसऱ्या बाकावरच्या मुलीला थांबवून घेतलं आणि स्वतः दारात उभे राहिले, एक डोळा व्हरांड्यावर ठेवून.

ही मुलगी म्हणजे मोठ्या बाईंची लेक. मोठ्या बाई मुख्याध्यापिका. बुडत्या शाळा वर काढणाऱ्या म्हणून त्यांचं नाव होतं. ही त्यांची चौथी शाळा. मागच्या शाळेत म्हणे त्यांनी निम्म्या शिक्षकांना घरचा रस्ता दाखवला होता. इथे आल्या आल्या त्यांनी पोटची पोर नेमकी सरांच्या वर्गात बसवली. साऱ्या शाळेत सरांना 'डुलकीसर' म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. पण त्या दिवसापासून सरांची डुलकी उडाली. पोर घरी जाऊन काय सांगेल याचा नेम नाही, म्हणून ते धडे आधी वाचून येऊ लागले. हळूहळू वर्ग वाचायला लागला. त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं.

आणि आज साहेबांसमोर याच मुलीने माती खाल्ली. काल घडाघडा वाचलेला धडा आज तिला अक्षराला अक्षर लावूनही वाचता येईना. शेजारच्या दोघींचीही तशीच दातखीळ बसली. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं, आणि त्या टिपण्याचीच सरांनी जास्त धास्ती घेतली. पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं.

"आईने शिकवलं ना तुला हे?" सरांनी दबक्या आवाजात विचारलं. "मला काढायला काहीतरी कारण हवं, म्हणून?"

मुलीने नाही म्हणून मान हलवली.

"मग? काल तर फाडफाड वाचत होतीस!"

"मी मुद्दाम अडखळले. त्या दोघींनाही मीच सांगितलं." तिचे डोळे भरून आले. "सर, शाळा सुधारली की आईची बदली होते. मला नाही जायचं आता आणखी एका शाळेत."

इतके महिने सर या पोरीला टरकून होते, आणि पोर टरकून होती त्यांच्या चांगल्या शिकवण्याला! त्यांना हसूही येईना.

व्हरांड्यात चपला वाजल्या. मोठ्या बाई आत आल्या.

"काय झालं हो सर आज? तुमचा वर्ग तर चांगला चालला होता."

खरं सांगितलं असतं तर नोकरी वाचली असती. पोरीने बाकाची कड घट्ट धरली होती. सर पुढे झाले.

"माझंच कमी पडलं, बाई. या वर्गाला अजून वर्षभर तरी तुम्ही लागाल."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, मग मुलीकडे.

"मागच्या शाळेतल्या हिच्या वर्गाच्या बाईही अगदी हेच म्हणाल्या होत्या," त्या म्हणाल्या.

"मग आपण थांबलो का नाही, आई?" मुलीने विचारलं.